मालक आधी

अंबरनाथ पूर्व
२० ऑक्टोबर २०२४, रविवार

आदरणीय मामा,

जय भीम.

तुमचं बदलापूरचं घर माझ्या घरापासून एका स्टेशनावर आहे आणि मी तुम्हाला पोस्टाने पत्र पाठवतेय. पाकीट घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "बदलापूरला? चालत नेऊन दिलंत तरी आधी पोचेल." पण काय करू? फोन तुम्ही उचलत नाही. मामी उचलते आणि सांगते, झोपलेत. या तेरा दिवसांत तुम्ही जेवढे झोपलात तेवढे सगळ्या आयुष्यात झोपला नसाल.

त्या सोमवारी राजूला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते. मी मागे वळून बघितलं तर तुम्ही गेटबाहेर रिक्षात बसत होतात. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे लिहिते.

हॉस्पिटलला पोचायच्या आधीच राजू गेला होता. डॉक्टरांनी फक्त वेळ लिहिली. संध्याकाळी पोलीस चौकीत माझा जबाब झाला. माझा फक्त नावाला, बोलला सगळं कंपनीचा मॅनेजर. हवालदाराने लिहून घेतलं आणि मी सही केली. जबाब असा आहे की कामगार राजू हा मनाई असताना, कोणालाही न विचारता, स्वतःहून टाकीत उतरला. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. तुम्ही त्या दिवशी तिथे आला होता हेसुद्धा नाही. मॅनेजर म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला कशाला ओढायचं यात, आणि मला ते पटलं. तेव्हा निदान त्या बाजूने तरी निर्धास्त राहा.

तुम्ही माझ्यावर का रागावलात ते मला कळतं. कंपन्यांच्या टाक्या आतून खरवडून साफ करायचं हे काम तुम्ही उभं केलंत. अठराव्या वर्षी बाबा गेल्यावर मला हाताला धरून त्यात आणलंत, आणि पहिल्याच दिवशी सांगितलंत, मालक आधी. टाकीत पहिला पाय मालकाचा. आधी तो उतरेल, तळाला जाईल, वर हात करेल, मग बाकीची माणसं. तुम्ही काम सोडून मला दिलंत त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी बाई म्हणून कधी सूट मागितली नाही. माझी दहा पोरं मला ताई म्हणतात ती त्याच्यामुळे, चेकवर माझी सही असते म्हणून नाही.

आणि त्याच्याही आधीचा तुमचा नियम, आधी नाक, मग पाय. झाकण आदल्या दिवशी उघडून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तोंडाशी गुडघ्यावर बसून तीन श्वास घ्यायचे. वास आला तर थांबायचं, नाही आला तर टाकी मोकळी. नाक बंद असेल त्या दिवशी उतरायचं नाही.

त्या सोमवारी माझं नाक चोंदलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, अंगात कणकण होती. काम पुढे ढकलायला हवं होतं. पण मॅनेजर म्हणाला, सांडपाण्याची टाकी आज रिकामी आहे, उद्या परत भरणार. म्हणून मी तुम्हाला फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि तुम्ही किती पटकन आलात. इस्त्रीचा शर्ट घालून आलात, पोरं उठून उभी राहिली. तुम्ही तोंडाशी बसलात, तीन श्वास घेतलेत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मोकळी आहे. उतरव."

तुमचा गुडघा काम करत नाही. म्हणजे उतरायला मी हवी होते. नाक बंद असलं तरी. मी राजूला सांगितलं, जा.

तुमचा राग एवढ्याचसाठी आहे ना? मला दोन शिव्या घाला, पण तोंडाने घाला.

तुमची,
संजीवनी


१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आदरणीय मामा,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत होते असं नाही, पण रोज खाली जाऊन पेटी उघडत होते.

काल माया आली होती. राजूची बायको. तुम्ही मला शिकवलं होतंत, ज्या माणसाच्या बायकोचं नाव आपल्याला माहीत नाही त्याला टाकीत उतरवायचं नाही. दहाही जणांच्या बायकांची नावं मला पाठ आहेत, मुलांचीसुद्धा. मायाला मी लग्नापासून ओळखते. उल्हासनगरात कॅम्प चारला राहतात, जीन्सचे गठ्ठे घरी आणून धागे कापायचं काम करते. बोटं कायम निळी. काल माझ्या घरी पाण्याचा ग्लास धरला तेव्हाही निळी होती. महिना झाला नवऱ्याला जाऊन आणि ती कामाला बसली.

मला वाटलं नुकसानभरपाईचं विचारायला आली असेल. मी त्याचे कागद पुढे केले. तिने ते बाजूला सरकवले आणि पिशवीतून जबाबाची झेरॉक्स काढली. एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती.

"ताई, हे काय लिवलंय? न विचारता उतरला?"

मी काहीतरी म्हणाले. ते पोलिसांचं लिहिणं असतं, तसंच लिहितात.

"तो तुमाला विचारल्याशिवाय बिडी पन पेटवत नव्हता, ताई."

मी तिच्यापुढचा ग्लास उचलायला गेले.

"आमच्या लाइनीत सगळे बोलतात, टुन्न असंल, म्हणून पडला. पोरीला शाळेत बोलले. मी पैशाचं काय बोलले का तुमाला? ही ओळ खोडा फक्त. तो सांगितल्यावर गेला का न सांगता गेला, तेवढं खरं लिवा."

कल्याणच्या फॅक्टरी निरीक्षकांच्या ऑफिसात वेगळी चौकशी चालू आहे आणि तिथे माझा जबाब पुन्हा होणार आहे, हे तिला कुणीतरी सांगितलंय. नऊ डिसेंबरला. म्हणजे ओळ बदलायची तर तिथे बदलता येते. मी तिला हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. चहा केला. तिने तो प्यायला नाही, आणि मी आग्रह केला नाही.

ती गेल्यावर जे आठवलं ते तुम्हाला सांगते. कारण ते कळणारं दुसरं कोणी नाही.

आजोबांची गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत. तुमचे वडील, कुणाच्या तरी बंगल्याची मैल्याची टाकी उपसायला उतरले आणि आतच राहिले. तुम्ही नऊ वर्षांचे होतात आणि बादली ओढत होतात. तुम्हाला आजोबांचं तोंड आठवत नाही असं म्हणायचात. आठवतो तो बंगल्याचा मालक, वर उभा, नाकाला रुमाल लावून. आपल्या लोकांना खाली उतरवणारे सगळे असे वर उभे राहतात, म्हणायचात. "आपन मालक झालो तरी वर उभं राहायचं न्हाई, संजे." मालक आधी हा नियम तुम्ही कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हतात. तो त्या रुमालातून आला होता. त्यावर तुम्ही सगळा धंदा उभा केलात आणि त्यावरच मी तुम्हाला मानत आले. माझ्या वर्गातल्या मुलींचे मामा त्यांना ड्रेस आणायचे. माझ्या मामाने मला एक नियम दिला याचा मला केवढा तोरा होता.

मामा, मला सर्दी झाली होती. राजू शिडीवरून खाली जात होता तेव्हा मी वर उभी होते. माझ्या हातात रुमाल होता. नाकाला लावलेला.

राजूने खालून वर बघितलं होतं. त्याला मी तशी दिसले असेन.

नऊ तारखेला मी काय सांगू? मी राजूला जा म्हणाले असं सांगितलं तर लगेच विचारतील, टाकी मोकळी आहे हे कोणी ठरवलं? मग तुमचं नाव येतं. सगळं अंबरनाथ आणि उल्हासनगर तुम्हाला नाकवाला बबन म्हणून ओळखतं. मागच्या महिन्यात दोर घ्यायला कॅम्प दोनला गेले तर दुकानदार शेठ अजून विचारतो, "वो नाकवाला बबन कैसा है, बेटा?" मला तुमचं नाव त्या कागदावर नको आहे. आणि मायाला ती ओळ नको आहे. दोन्ही मला जमणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते. दोन वाक्यं तरी लिहा.

संजीवनी


२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

मामा,

आज सकाळी मी तुमच्याकडे आले होते हे तुम्हाला माहीत आहे. आपण एकमेकांना बघितलं. तरी सगळं क्रमाने लिहिते. माझं मलाच नीट लावून घ्यायचं आहे.

तुम्ही घरात नव्हता. मामी म्हणाली, नदीकडे गेलेत, येतीलच. मी स्वयंपाकघरात पाटावर बसले. मामी सुकट भाजत होती. तुम्हाला सांगायला नको, सुकट भाजली की गल्लीतल्या शेवटच्या घराला कळतं. मांजर दारात येऊन बसलं होतं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "रखमाबाई, आमच्यासाठी ठेवा हां थोडी." माझ्या ओढणीला अजून तो वास आहे.

मग तुम्ही आलात. चप्पल काढलीत, आत आलात, मला बघून थबकलात. तुमच्या आणि शेगडीच्या मध्ये मामी पाठ करून उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून तुम्ही मामीला विचारलंत, "आज काय केलंयस?"

मामी हसली. मला म्हणाली, "ह्यांना विचार काय केलंय. बारा वर्षं झाली, ह्यांना कुठं वास येतो? दूध नासलेलं पन तसंच पितात. त्या ॲसिडच्या टाकीतनं आले तवापासनं गेलं ते गेलंच."

ती साधेपणाने बोलली. तिला वाटलं मला माहीत असणार. मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही परत चप्पल घालून बाहेर गेलात. मीही निघाले. मामी मागून ओरडत होती, जेवून जा.

बारा वर्षं, मामा.

स्टेशनवर बाकावर बसून मी बोटांवर मोजलं. तुम्ही काम माझ्या हातात दिलंत त्याच्या आधीची सहा वर्षं. त्या सहा वर्षांत प्रत्येक टाकीच्या तोंडाशी तुम्ही बसायचात आणि मला शेजारी बसवायचात. दोघांनी तीन श्वास घ्यायचे. मग तुम्ही माझ्याकडे बघायचात, नीट, अगदी टक लावून. आणि मग सांगायचात, थांब किंवा मोकळी. मला वाटायचं तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी मनात उत्तर ठरवायचे आणि ते तुमच्या उत्तराशी जुळलं की दिवसभर खूश असायचे. ते जुळायचंच. का जुळणार नाही? तुम्ही माझ्याच तोंडावरून वाचत होतात. माझं नाक आकसलं की थांब, नाही आकसलं की मोकळी.

मी तुमच्याकडून वास घ्यायला शिकत नव्हते. तुम्ही माझ्याकडून उसना घेत होतात.

आणि सात ऑक्टोबरला मी तुम्हाला फोन करून बोलावलं, कारण माझं नाक बंद होतं. तुम्ही आलात, कारण नाकवाल्या बबनला सहा वर्षांनी कोणीतरी बोलावलं होतं. तुम्ही तीन श्वास घेतलेत आणि सवयीने माझ्या तोंडाकडे बघितलंत. तोंडावर रुमाल होता, आणि रुमालामागच्या नाकाला काही कळत नव्हतं. ते आकसलं नाही. तुम्ही म्हणालात, मोकळी आहे, उतरव.

त्या टाकीच्या तोंडाशी दहा पोरं उभी होती. त्यांच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. पण आपण दोघं तिथे असताना बाकीच्यांनी नाक कशाला पुढे करावं?

तेव्हा तुम्ही माझ्यावर रागावलेले नाही आहात. दीड महिना मी तुमची माफी मागतेय आणि तुम्ही ती मागू दिलीत. मला आत्ता जे वाटतंय ते मी लिहिणार नाही. आईने लहानपणी सांगितलं होतं, मामाला उलट बोलायचं नाही.

संजीवनी


१ डिसेंबर २०२४, रविवार

मामा,

शेवटी तुमचा फोन आला. गुरुवारी दुपारी, मी वर्कशॉपमध्ये होते. तुम्ही जय भीमसुद्धा म्हणाला नाहीत. तुम्ही जे बोललात ते मी इथे तसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या मला वाटायला नको की मी ऐकण्यात चूक केली.

"संजे, तुझं ते पत्र मी जाळलं. असलं लिवून पाठवू नको, कोनाच्या हातात पडंल. नऊ तारखेला हाय तोच जबाब दे. माझं जे नाव हाय ते मरेपर्यंत राहू दे. ती पोरगी लहान हाय, इसरंल."

ती पोरगी म्हणजे माया. तुम्हाला तिचं नाव माहीत आहे.

मी फोनवर हो म्हणाले की नाही ते मला आठवत नाही. बहुधा म्हणाले. तुम्ही काही सांगितलं की माझ्या तोंडून हो निघतं, ती अठरा वर्षांची सवय आहे.

पण शुक्रवारी मी कल्याणच्या ऑफिसात जाऊन आले. चौकशी ज्यांच्याकडे आहे त्या वैदेही मॅडम माझ्यापेक्षा लहान आहेत. मी त्यांना जबाबाबद्दल काही बोलले नाही. फक्त सहज विचारल्यासारखं विचारलं, टाकी मोकळी आहे का हे नाकाने कळतं ना? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाल्यासारखं वाटलं.

"नाक हे यंत्र नाही हो, ताई," म्हणाल्या. त्यांनी सांगितलं, सांडपाण्याच्या टाकीत विषारी वायू गाळाखाली दबून असतो. वरून कितीही वास घ्या, कळणार नाही. गाळात पाय पडला की सुटतो. आधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि जास्त सुटला की तो पहिल्यांदा नाकच बधिर करतो. म्हणजे वास थांबला म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि त्याच वेळी तो पडतो.

राजू असाच पडला. "ताई, घाण वास येतोय," असं तो म्हणाला होता, तुम्हीही ऐकलंत. मग म्हणाला, "गेला वास." मी दोर ओढा म्हणायच्या आधी तो बसला. दोर ढवळणीच्या दांड्याला अडकला आणि वर काढायला अकरा मिनिटं लागली.

म्हणजे माझी सर्दी नसती तरी मी त्या टाकीला मोकळीच म्हणाले असते. तुमचं नाक शाबूत असतं तरी तुम्हीही म्हणाला असतात. फरक एवढाच पडला असता की मालक आधी या नियमाने राजूच्या जागी मी गेले असते. आणि सहा वर्षं मी ज्या ज्या टाकीत पहिली उतरले, त्यातून वर आले ते नाकामुळे नाही. निव्वळ नशीब. तुमचंही तेच.

हे वाचून तुम्ही सुटकेचा श्वास घ्याल, म्हणून लगेच पुढचं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी वायू मोजायचा मीटर आणला होता. तुम्हाला दाखवायला बदलापूरला घेऊन आले होते. तुम्ही तो हातात घेऊन उलटसुलट बघितलात आणि म्हणालात, "हे खेळणं घरी ठेव. यंत्राला बायकापोरं नसतात, ते घाबरत न्हाई." पोरांना हे वाक्य मी कितीदा सांगितलं असेल. माझा मामा कसा बोलतो बघा, म्हणून. मीटर वर्कशॉपच्या कपाटात पडून आहे. काल काढला. काचेवरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा मी सोललेली नव्हती. ते माझं पाप आहे, ते मी तुमच्या खात्यावर टाकत नाही.

पण बारा वर्षांपूर्वी तुम्ही एकदा, एका माणसाला, मला वास येत नाही असं म्हणाला असतात, तर मीटर त्याच आठवड्यात आला असता. दुसरा उपायच नव्हता. आपण रोज तो उतरणाऱ्याच्या छातीला लावला असता आणि नाक या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला नसता. तुम्ही तोंड उघडलं नाहीत, म्हणून नाक हा आपला देव राहिला. मला कळतं तुम्हाला कशाची भीती वाटली. काम गेलं असतं. आपल्यासारख्याला नाकवाला म्हणून खुर्ची देणाऱ्या कंपन्यांनी दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करून ठेवलं असतं. हे सगळं मला कळतं. तरी मला तुमचा राग येतो, इतका की लिहिताना अक्षर बिघडतंय.

मी अजून काही ठरवलेलं नाही.

संजीवनी


८ डिसेंबर २०२४, रविवार

मामा,

हे पत्र पोस्टाने पोचणार नाही, म्हणून मी दुपारी येऊन दाराखालून सरकवून जाईन. हाक मारणार नाही. हे जाळायच्या आधी वाचा, एवढं करा.

परवा सहा डिसेंबरला आपली माणसं दादरला गेली. इतक्या वर्षांत तुम्ही नाही असं पहिल्यांदा झालं. पोरं विचारत होती, मामा का नाही आले? मी म्हणाले, गुडघा. तुमच्यासाठी खोटं बोलणं मला इतकं सोपं जातं हे बघून मलाच भीती वाटली. रांगेत माया माझ्या पुढे होती, लेकीला घेऊन. पोरगी आठ वर्षांची आहे, अस्मिता. उन्हात उभी राहून कंटाळली आणि मला विचारते, "मावशी, माझे पप्पा तुमचं ऐकत नव्हते का?"

मायाने तिला गप्प केलं नाही. पुढे बघत उभी राहिली, माझं उत्तर ऐकायला.

मी म्हणाले, "ऐकायचे. सगळं ऐकायचे." पोरीने मान हलवली. मायाची मान हलली नाही.

मामा, तुमच्याकडून मी जे शिकले ते सगळं टाकून द्यायचं, असं मनात धरून मी या आठवड्यात बसले होते. ते जमत नाही. काम संपल्यावर आधी माणसं मोजायची, अवजारं नंतर, हे मी सोडणार नाही. बायकोचं नाव माहीत असल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, हे तर मुळीच नाही. नाक मी सोडलं. काल पोरांना बोलावून सांगितलं की इथून पुढे मीटर, आणि मीटर असला तरी हवेचा पंखा आणि तोंडाला नळीचा मास्क, नाहीतर काम नाही. एक जण म्हणाला, "पन मामा तर..." मी म्हणाले, मामांचं चुकलं.

राहिला तुमचा पहिला नियम.

उद्या अकरा वाजता कल्याणच्या ऑफिसात माझा जबाब आहे. मी सांगणार आहे की राजूला मी उतरवलं, माझ्या तोंडाने, माझं नाव त्याखाली, आणि चौकीतला जबाब खोटा होता. मग मीटरचं सांगेन, पट्टी न सोललेली, सोबत घेऊन जाणार आहे. यात माझा परवाना जाईल हे नक्की. बाकी काय होईल ते वकील सांगत नाही, नुसता चष्मा पुसतो. मॅनेजरचे काल दोनदा फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. तुमच्याकडूनच शिकले असं समजा.

त्यानंतर ते विचारणार, टाकी मोकळी आहे असं कोण म्हणालं.

ते मी मायाला अजून सांगितलेलं नाही. सांगता आलं असतं, ती परवा दादरहून येताना माझ्या शेजारीच बसली होती. मी थांबले, कारण ते तुमच्या तोंडून यायला हवं असं मला वाटतं. मला वास येत नव्हता आणि मी मोकळी म्हणालो, एवढं एक वाक्य आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणायचं आहे, म्हणून जड जाईल. माया उद्या माझ्याबरोबर येणार आहे. दार उघडलं की आत मी पहिली जाणार. तुम्ही शिकवलंत तसंच, मालक आधी. तुमच्यासाठी बाहेरच्या बाकावर जागा धरून ठेवायला मी वर्कशॉपमधल्या एकाला सांगितलं आहे.

तो प्रश्न येईपर्यंत मी दाराकडे बघेन. तुम्ही आलात तर मी गप्प बसेन आणि तुम्ही बोला. नाही आलात तर तुमचं नाव मी घेईन. तुम्हाला आधी न कळवता घ्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आलात तर बस आणि रिक्षाची भानगड करू नका, गुडघ्याला सोसणार नाही. सकाळी साडेनऊला मी तुमच्या कोपऱ्यावर गाडी घेऊन पाच मिनिटं उभी असेन. माया मागच्या सीटवर असेल, तुम्ही पुढे बसा.

आणि रुमाल आणू नका. माझी सर्दी बरी झाली आहे, मीही आणणार नाही.

तुमची,
संजे